मातीचा बांध आणि डोंगरातले तळे

डोंगराच्या घळीत किंवा पऱ्याच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, बगलेला माती दाबून तीन-चार मीटर उंचीचा बांध घातला, की त्याच्या पाठीमागे पावसाचे पाणी अडते आणि लहानसे तळे तयार होते. अशा तळ्याला कालवे नसतात, लोखंडी दरवाजे नसतात, वीजनिर्मितीचा तर प्रश्नच नसतो. त्यात मासे वाढतात, काठावर पक्षी येतात, रात्री भेकर आणि रानडुकरे पाणी पिऊन जातात, खालच्या अंगाच्या विहिरीला थोडा पाझर मिळतो. रायगड जिल्ह्याच्या आतल्या, सह्याद्रीला टेकलेल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत अशा तळ्यांना जागा पुष्कळ आहेत. मात्र ती बांधणे वाटते तितके सोपे नाही, कारण या मुलखात पाणी चार महिने मावत नाही आणि उरलेले आठ महिने पुरत नाही.

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावरून पश्चिमेला उतरते ती थेट पोलादपूरच्या खोऱ्यात. पुढे महाडजवळ तिला काळ आणि गांधारी मिळतात आणि बाणकोटला ती समुद्राला जाते. पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वरच्या महाबळेश्वरला तर २२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यानच्या चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इतके असूनही एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या वाड्यांवर टँकर फिरू लागतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली बेसॉल्टचा कातळ, त्यामुळे पडलेले पाणी मुरायला थांबतच नाही. दिवाळीनंतर ओहोळांत वाळूची पोती रचून वनराई बंधारे घातले जातात. ते उपयोगी आहेत, पण त्यांचे आयुष्य एका हंगामाचे. पुढच्या जूनमध्ये ते वाहून जायचेच असतात. कायमचे तळे हवे असेल तर त्याला हाच पाऊस सोसावा लागतो.

एक साधा हिशेब मांडला म्हणजे अडचण कुठे आहे ते कळते. तळ्याचे पाणी २० गुंठ्यांवर पसरले आहे आणि सरासरी खोली दीड मीटर आहे असे धरू. त्यात साधारण ३,००० घनमीटर, म्हणजे ३० लाख लिटर पाणी मावेल. वरचे पाणलोट क्षेत्र १० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ३ मीटर असेल, आणि त्यातला निम्मा जरी वाहून खाली आला, तरी १,५०,००० घनमीटर पाणी येईल. म्हणजे तळे एका पावसाळ्यात पन्नास वेळा भरेल. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला झाला तसा एक दिवस उगवला, तर एवढ्याच पाणलोटावर चोवीस तासांत जवळजवळ वीस तळ्यांइतके पाणी पडेल. मराठवाड्यात किंवा माणदेशात शेततळे भरेल की नाही याची काळजी असते. पोलादपुरात ते जूनअखेर भरणारच, आणि पन्नासांतले एक माप ठेवून उरलेली एकोणपन्नास मापे बांधाला धक्का न लावता वाटेला कशी लावायची, हा खरा प्रश्न आहे. बांधाची उंची, मातीची निवड, माशांची जात हे सगळे या प्रश्नाच्या मागून येते.

जागा पाहताना म्हणून आधी सांडव्याची जागा पाहावी. बांधाच्या एका टोकाला, शक्यतो मूळ कातळात किंवा घट्ट मुरमात, पाणी बाहेर काढता येईल अशी खिंड किंवा सपाटी मिळाली तरच ती जागा धरावी. घळीचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असले की थोड्या मातीत जास्त पाणी अडते, हे खरे. पण तोंड अरुंद असून दोन्ही बाजूंना सुटा दगडमातीचा उतार असेल, तर ती जागा कितीही मोहाची वाटली तरी सोडून द्यावी. मुख्य पऱ्या किंवा वहाळ आडवा बांधून अडवू नये. त्याच्या बगलेची खोलगट जागा किंवा पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या ओहोळाचे डोके बरे, कारण तिथे पुराचा मोठा लोंढा येत नाही आणि गाळही कमी येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी आल्या. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. कातळावर बसलेला मातीचा जाड थर पाण्याने तुडुंब झाला की वजन वाढते, पकड सुटते आणि तो घसरतो. अशा उताराच्या माथ्यावर तळे करणे म्हणजे ते पाणी आपल्या हाताने त्या थरात मुरवणे. वाडीच्या वरच्या अंगाला, सुट्या मातीच्या उतारावर मासे आणि पक्षी यांच्यासाठी तळे बांधू नये. पाझराचा फायदा कितीही असला तरी नाही.

मातीचा बांध पाण्याला पेलतो तो स्वतःच्या वजनाने, आणि पाणी रोखतो तो त्याच्या पोटातल्या चिकण मातीने. मोठ्या धरणांत मधोमध चिकण मातीचा गाभा असतो, त्याला कामावर ‘हार्टिंग’ म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण, म्हणजे ‘केसिंग’ असते. लहान बांधालाही हीच मांडणी चालते. देशावर काळी चिकण माती हाताशी असते. पोलादपुरात ती नाही. इथे तांबडी चिकण माती, खाचरांतला बारीक गाळ आणि मुरूम यांवरच भागवावे लागते. मूठभर ओली माती तळहातावर वळून तिची बोटाएवढी कांडी न तुटता होते का, ही जुनी परीक्षा अजूनही उपयोगाची आहे. कांडी झाली तर ती माती गाभ्याला, मोडली तर आवरणाला.

गाभ्याखाली खंदक खणतात. वरची सैल माती, मुळे आणि पालापाचोळा काढून हा खंदक घट्ट थरापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यायचा आणि चिकण मातीने भरून काढायचा. हा खंदक नसेल तर पाणी बांधाच्या खालून वाट काढते, आणि वरून बांध कितीही देखणा असला तरी तळे जानेवारीत कोरडे पडते. कातळात भेगा असतील तर त्याही साफ करून चुना किंवा सिमेंटने भराव्या लागतात. दगडात खणलेले तळेसुद्धा गळू शकते. रायगड किल्ल्यावरचा हत्ती तलाव कित्येक वर्षे पाणी धरत नव्हता. गळती शोधून बुजवल्यावर २०२० च्या पावसाळ्यात तो भरला.

माती एकदम ओतून चालत नाही. वीतभर जाडीचा थर पसरायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा किंवा धुम्मसाने ठोकायचे आणि मगच दुसरा थर टाकायचा. बांधाचा माथा दोन मीटर रुंद, पाण्याकडचा उतार एकास अडीच आणि कोरड्या बाजूचा एकास दोन धरला, तर साडेतीन मीटर उंचीच्या बांधाचा तळ जवळजवळ अठरा मीटर रुंद होतो. घळीत ४० मीटर लांबीच्या अशा बांधाला साधारण ५०० ते ७०० घनमीटर माती लागते, म्हणजे दोनशेच्या आसपास ट्रॉल्या. ही माती तळ्याच्या पोटातूनच काढावी. त्यामुळे तळे खोल होते आणि वाहतूक वाचते. फक्त बांधाच्या पायथ्यालगत खड्डा करू नये. पाण्याकडच्या उतारावर दगडांचे अस्तर द्यायचे. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी दगडांची रास ठेवली, की झिरपलेले पाणी माती न घेता बाहेर पडते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेपर्यंत भीती नसते. ते गढूळ झाले की पोटातली माती निघू लागली आहे असे समजावे.

काम डिसेंबर ते मे या काळातच उरकावे लागते, आणि अर्धवट बांध पावसात ठेवण्यासारखा दुसरा धोका नाही. पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात हाहाकार झाला, तेव्हा त्याचे काम पूर्ण झालेले नव्हते आणि पाणी मात्र साठलेले होते. ओहोळाची वाट शेवटी बुजवतात ती घळभरणी, आणि ती मेच्या मध्यापर्यंत जमणार नसेल तर त्या वर्षी वाट उघडी ठेवून पुढच्या वर्षी भरावी. एक वर्ष गेले तरी चालते.

आता सांडवा. १० हेक्टर पाणलोटावर तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळला आणि त्यातले साठेक टक्के पाणी वाहून आले, तर तळ्यात दर सेकंदाला साधारण १.७ घनमीटर पाणी येते. तेवढे पाणी अर्धा मीटर खोलीने काढून द्यायला कागदावर तीन मीटर रुंदीचा सांडवा पुरतो. प्रत्यक्षात पाच-सहा मीटर ठेवावा, कारण पाल्याने, फांद्यांनी आणि घसरलेल्या दगडांनी त्यातला काही भाग ऐन वेळी बुजतोच. सांडव्याच्या पातळीपासून बांधाचा माथा किमान एक मीटर उंच असावा. मातीचा बांध पाण्याचा दाब वर्षानुवर्षे सोसतो, पण माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. एकदा पाणी वरून गेले की कोरड्या बाजूला घळ पडते, ती मागे मागे सरकते आणि तासाभरात तोंड मोकळे होते. ताजा बांध खचतो, म्हणून उंची हिशेबापेक्षा पाच ते दहा टक्के जास्तच धरतात. बांधातून पाइप घालून पाणी काढण्याची हौस लहान तळ्यात टाळलेली बरी. पाइपाच्या बाहेरून माती नीट दाबली जात नाही आणि पहिली गळती तिथेच सुरू होते.

बांधाचे दुसरे वैरी जिवंत असतात. कोकणात पहिल्या पावसात खाचरांतून बाहेर पडणारे खेकडे बांधांत बिळे करतात, घुशी आणि साळिंदरही करतात. चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, खालची भेंडवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. खेकड्यांनी धरण पोखरले असे तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले आणि त्यावर राज्यभर टीका व टिंगल झाली. खेकडा बांध पोखरतो यात खोटे काही नाही. पण रुंद, नीट दाबलेला आणि दरवर्षी तपासला जाणारा बांध एकट्या खेकड्याने पडत नाही. गळतीकडे लक्ष न देणे हे मूळ कारण, बिळे हे निमित्त. म्हणून बांधावर हरळी किंवा वाळा लावावा, मुळांनी माती धरली जाते. झाडे मात्र वाढू देऊ नयेत. करंज किंवा उंबर मोठा होऊन वठला, की त्याची कुजलेली मुळे पाण्याला तयार वाट देतात.

जुलै असा सांभाळला की मे महिन्याचा हिशेब येतो. ऑक्टोबरपासून पुढे आठ महिने तळ्यात नवे पाणी येत नाही. दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर या काळात १.२ मीटर पाणी नुसते उडून जाते. चांगल्या तळ्यातही दिवसाला ३ मिलिमीटर पाझर धरावा लागतो, तो आणखी सुमारे ७० सेंटिमीटर. दोन मीटर खोलीचे तळे म्हणून मेमध्ये चिखल होते. सांडव्यापर्यंतची खोली अडीच मीटर आणि माती काढलेल्या भागाची आणखी एक मीटर, अशी मधोमध साडेतीन मीटर खोली असेल तर वळवाच्या पावसापर्यंत दीड मीटर पाणी राहते. मासे जगायला आणि जनावरांना प्यायला तेवढे पुरते.

मासे सोडायची वेळ जुलै-ऑगस्ट. मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली या माशाच्या पिलांच्या चढत्या पायऱ्या. डोंगरातल्या तळ्यात बोटुकलीच सोडावी, कारण त्याहून लहान पिले पाणसाप दिवड आणि खंड्या यांच्या तोंडी जातात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून तिघांना एकत्र सोडतात. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवण्यात यश आले, आणि तेव्हापासून मत्स्यबीज हवे तेव्हा मिळू लागले. व्यापारी तळ्यात हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडतात आणि रोज खाद्य घालतात. ज्या तळ्यावर पक्ष्यांचाही हक्क आहे तिथे याच्या निम्म्याहून कमी सोडावी आणि खाद्य घालू नये. तांबड्या मातीचे पाणी किंचित आम्ल असते. पाणी भरण्याआधी हेक्टरी दोन-अडीचशे किलो चुना पसरला तर ते सुधारते.

गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, अशा तळ्यात नको. तो पाणवनस्पती साफ करतो आणि त्यांच्यावर जगणारे सगळेच उपाशी राहते. आफ्रिकी मागूर पाळण्यावर भारतात बंदी आहे, तिलापिया मोकाट वाढतो. पुरात सांडव्यावरून निसटणारा प्रत्येक मासा शेवटी सावित्रीत जातो, आणि सह्याद्रीच्या नद्यांत दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या जाती आहेत, हे विसरून चालत नाही. त्यापेक्षा मरळ चांगली. ती हवेतून श्वास घेऊ शकते, कमी पाण्यात तग धरते, स्वतःच्या पिलांची राखण करते, आणि बाजारात तिला भावही असतो. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीच्या नावाने राखलेले महसीर मासे पिढ्यान्‌पिढ्या कुणी मारत नाही. नदीच्या माशांना अशी राखण मिळाली तर तळ्यातल्या बीजाची गरजच कमी पडते.

बांध घालताना माशांची आणखी एक वाट सांभाळायची असते. मृगाच्या पहिल्या सरींनी पऱ्ये वाहू लागले की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. रायगडात हीच वलगण, दक्षिण कोकणात चढणीचे मासे. लोक या दिवसांत हौसेने मासे धरतात, आणि त्यांतले बरेच मासे गाभोळीने भरलेले असतात. सांडव्याला सरळ कडा ठेवली तर या माशांची चढण तिथेच संपते. दगडांचा मंद, खडबडीत उतार ठेवला तर पाण्याचा वेगही मोडतो आणि मासेही वर येतात.

प्राणी आणि पक्षी यांना तळ्याचे पाणी जितके हवे तितकाच त्याचा काठ हवा. मासे पाळणाऱ्याला उभा काठ सोयीचा. बगळे, वंचक, तुतारी, पाणकोंबडी यांना मात्र घोट्याएवढे पाणी आणि चिखल लागतो. यावर तोड म्हणजे बांधाकडची बाजू खोल ठेवायची आणि वरच्या बाजूचा काठ एकास आठ-दहा अशा मंद उताराने सोडायचा. तिथे लव्हाळा उगवतो, बेडूक अंडी घालतात, टाचण्या आणि चतुर येतात. हळदीकुंकू बदक आणि टिबुकली यांना लपायला जागा मिळते. पाण्यात उभे राहिलेले एखादे वठलेले झाड काढू नये, पाणकावळे त्यावरच पंख वाळवतात. जलपर्णीचे एक रोप जरी दिसले तरी उपटून वाळवून जाळावे.

याच जिल्ह्यात मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात जंगलातल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. त्यांतल्या एकाचे नाव धरणाची गाण आहे. उन्हाळ्यात जनावरे अशा पाण्याभोवतीच एकवटतात. मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव मुळात भातशेतीच्या पाण्यासाठी होता. पाण्याने मासे आणले, माशांनी पक्षी आणले, आणि १९७५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

अलीकडे डोंगरात प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दिसतात. फळबागेला ती सोयीची आहेत, पाझर होत नाही. प्राण्यांच्या दृष्टीने मात्र तो सापळा आहे. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाहीत, पाण्यात उतरलेले भेकर किंवा वासरू वर येऊ शकत नाही, आणि माणसांचेही जीव त्यात गेले आहेत. अशा तळ्याला कुंपण आणि एका बाजूने दोर किंवा खडबडीत उतार हवाच. सावित्रीत महाडच्या आसपास मगरी आहेत, तेव्हा नदीलगतच्या तळ्यावर धुणे धुताना किंवा गुरे सोडताना सावध राहिलेलेच बरे.

मासे काढायचे ते मार्च-एप्रिलमध्ये, पाणी कमी झाल्यावर, आणि सगळे काढायचे नाहीत. तळे पूर्ण उपसून मासे झोडपले तर त्या वर्षी पाणवठाही संपतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात बांधावरून एकदा चालत जावे. बिळे दिसतील ती खणून चिकण मातीने ठोकून भरावी, रोपटी उपटावी, सांडव्यातला पाला आणि दगड काढावे. पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर कोरड्या बाजूचा पायथा पाहावा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. तीन-चार मीटरच्या बांधाची तपासणी या कायद्याने कुणी करायला येत नाही. ते काम ज्याच्या जमिनीत बांध आहे त्या शेतकऱ्याचे किंवा ग्रामपंचायतीचे आहे, आणि ते पहिला पाऊस पडण्याआधीच झाले पाहिजे.